मुंबई ते न्यूयॉर्क : हवाई अंतर आणि प्रवासाचा काल

(इयत्ता पाचवी ते सातवी. भूगोल व गणित यांचा समवाय-पाठ)



अंतरास वेगाने भागले असता वेळ मिळतो, हे सूत्र आपल्या शाळांतून चांगल्या रीतीने शिकविले जाते. एका गावाहून निघालेली गाडी ताशी अमुक वेगाने दुसऱ्या गावी केव्हा पोहोचेल, हे उदाहरण पाचवीतील मूल बिनचूक सोडविते. परंतु ती दोन गावे पृथ्वीच्या दोन बाजूंस असली म्हणजे ह्याच सूत्रातील तिन्ही शब्दांचा अर्थ नव्याने विचारावा लागतो. अंतर कोणत्या वाटेने मोजावयाचे? वेग कशाच्या संबंधाने धरावयाचा? आणि वेळ कोणाच्या घड्याळाची? मुंबई व न्यूयॉर्क ही दोन शहरे घेऊन ह्या तीन प्रश्नांची उत्तरे वर्गात कशी काढून घेता येतील, ते पुढे दिले आहे.

पाठाची आवश्यकता

हल्ली बहुतेक घरांत भ्रमणध्वनी पोहोचला आहे. दोन शहरांची नावे त्यात घातली की अंतर व प्रवासाचा काल क्षणार्धात समोर येतो. मग हे वर्गात शिकवावयाचे कशासाठी, असे एखादा शिक्षक विचारील. त्याचे उत्तर असे की, यंत्र आकडा देते. परंतु तो आकडा नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे ते नेहमीच सांगत नाही. ह्याच दोन शहरांविषयी एके ठिकाणी सुमारे १२,५०० किलोमीटर हे अंतर मिळते, तर भिंतीवरील नकाशावर सरळ रेघ ओढून तिची वाट मोजली तर ते १४,००० किलोमीटरांच्या पुढे जाते. प्रवासाचा काल कोणी चौदा तास सांगतो, कोणी सोळा, तर वाटेत विमान बदलणारा वीस तासांहून अधिक सांगतो. ह्यांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. प्रत्येकाच्या मनातील प्रश्न निराळा असतो, इतकेच.

ज्या मुलास आकडा केवळ पाठ असतो त्याला जो शेवटी बोलेल त्याचे खरे मानावे लागते. ज्याला आकडा पडताळून पाहता येतो, तो पुस्तकासही नम्रपणे शंका विचारू शकतो. ही पडताळण्याची सवय लावणे हाच ह्या पाठाचा खरा हेतू होय. दोन परदेशी शहरांमधील अंतर मूल पुढे विसरले तरी फारसे बिघडत नाही.

साहित्य व पूर्वतयारी

पृथ्वीगोल, जगाचा भिंतीवरील नकाशा, सुमारे एक मीटर न ताणणारा दोरा, फूटपट्टी, दोन टाचण्या आणि पुठ्ठ्याची दोन घड्याळे. शाळेत पृथ्वीगोल नसेल तर मोठा चेंडू किंवा गोल कलिंगडही चालेल. त्यावर खडूने दोन ध्रुव व विषुववृत्त काढावे. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहे. म्हणजे विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या वाटेच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित पुढे. न्यूयॉर्क सुमारे ४१ अंशांवर, म्हणजे त्याच वाटेच्या अर्ध्याच्या थोडे अलीकडे. मुंबई ७३ अंश पूर्व रेखांशाजवळ व न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम रेखांशाजवळ आहे. दोहोंत सुमारे १४७ अंशांचे अंतर पडते. अर्धा फेरा १८० अंशांचा. त्याचे पाच भाग केले तर त्यांपैकी चार भाग चालून गेल्यावर न्यूयॉर्कचे रेखावृत्त येते. एवढ्या मापाने दोन्ही शहरांची जागा पुरेशी बरोबर ठरते.

पहिला प्रश्न : अंतर कोणत्या वाटेने?

प्रथम भिंतीवरील नकाशासमोर मुलांस उभे करावे आणि मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारी सर्वांत जवळची वाट बोटाने दाखवावयास सांगावे. बहुतेक मुले अरबी समुद्र, अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर किनारा व अटलांटिक महासागर अशी सरळ रेघ दाखवितील. ती चूक आहे असे लगेच सांगू नये. मुलांनी दाखविलेली वाट फळ्यावर लिहून ठेवावी.

आता पृथ्वीगोल घ्यावा. दोन्ही शहरांच्या जागी टाचणी धरून त्यांमध्ये दोरा ताणावा. दोरा ताणला की तो आपोआप सर्वांत आखूड वाट शोधतो. ही वाट पाहून मुले चकित होतात. दोरा अरबस्तानावरून जातच नाही. तो मुंबईहून वायव्येस, किंबहुना उत्तरेकडेच अधिक झुकून निघतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान व कझाकस्तान ह्यांवरून रशियात शिरतो. फिनलंडचा दक्षिण भाग, स्वीडन व नॉर्वे ओलांडतो. आइसलंडवरून जाऊन ग्रीनलंडच्या दक्षिण टोकास जवळजवळ स्पर्श करतो आणि कॅनडाच्या लॅब्रेडॉर प्रांतावरून न्यूयॉर्कला उतरतो. ह्या वाटेवरील सर्वांत उत्तरेकडील बिंदू ६४ ते ६५ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान येतो. मुंबई आणि न्यूयॉर्क ही दोन्ही शहरे ४१ अंशांच्या आत असता वाट ६४ अंशांच्याही वर का जावी?

ह्याचे कारण मोसंब्याने दाखवावे. मोसंब्यावर शाईने दोन ठिपके द्यावे आणि ते अशा रीतीने कापावे की सुरी दोन्ही ठिपक्यांतून व फळाच्या बरोबर मध्यातून जाईल. सालीवर जी कापाची रेघ उमटते तिला बृहद्वृत्त म्हणतात. गोलाचे दोन सारखे भाग करणारे ते वर्तुळ होय. गोलावरील कोणत्याही दोन ठिकाणांमधील सर्वांत आखूड वाट नेहमी बृहद्वृत्तावर असते. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, सर्व रेखावृत्ते बृहद्वृत्ताचे अर्धे भाग आहेत. परंतु विषुववृत्ताखेरीज कोणतेही अक्षवृत्त बृहद्वृत्त नव्हे. म्हणून एकाच अक्षवृत्तावरील दोन शहरांमध्येही अक्षवृत्ताला धरून चालणे ही जवळची वाट ठरत नाही.

मग नकाशा खोटा आहे काय, असे मुले विचारतात. नकाशा खोटा नाही. परंतु गोल साल सपाट पाटावर पसरावयाची तर ती कोठेतरी ताणावी अथवा फाडावी लागते. गेरार्डस मर्केटर ह्याने १५६९ मध्ये जो प्रसिद्ध नकाशा तयार केला तो खलाशांसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून गेल्यास जी वाट होते ती त्यावर सरळ रेघेत दिसते. ही सोय साधण्यासाठी ध्रुवांकडील प्रदेश त्यात फार फुगवावे लागले. त्या नकाशावर ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. वस्तुतः आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. अशा नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ ओढली आणि त्या रेघेची वाट पृथ्वीवर प्रत्यक्ष चालून मोजली तर ती सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. दोऱ्याची वाट सुमारे १२,५३० किलोमीटरच आहे. सरळ दिसणारी वाट वाकड्या दिसणाऱ्या वाटेपेक्षा जवळजवळ १,७०० किलोमीटरांनी लांब निघाली, हे मुलांस स्वतः म्हणू द्यावे.

अंतराचे मोजमाप

दोऱ्यावरून किलोमीटर काढणे सोपे आहे. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, एवढे एकच माप मुलांनी ध्यानात ठेवावे. प्रथम दोरा गोलाच्या विषुववृत्ताभोवती गुंडाळून मोजावा. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर दोरा सुमारे ९४ सेंटिमीटर भरेल. नंतर दोन शहरांमधील दोरा मोजावा. तो सुमारे साडेएकोणतीस सेंटिमीटर येईल. आता त्रैराशिक मांडावे : ९४ सेंटिमीटरांस ४०,००० किलोमीटर, तर साडेएकोणतीस सेंटिमीटरांस किती? उत्तर १२,५५३ येते. खऱ्या अंतराशी ते किती जवळ आहे, हे पाहून मुलांस आपल्या हातच्या मोजमापाचा विश्वास वाटू लागतो. लहान गोलावर दोरा अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर दोनशे किलोमीटरांहून अधिक फरक पडतो, हेही त्याच वेळी दाखवावे. मोजमाप किती खात्रीचे आहे हे सांगणे हा मोजमापाचाच भाग होय.

येथे एक उपयुक्त पडताळा मिळतो. परीघ ४०,००० किलोमीटर असल्यामुळे पृथ्वीवरील कोणतीही दोन ठिकाणे जवळच्या वाटेने सुमारे २०,००० किलोमीटरांहून अधिक दूर असूच शकत नाहीत. त्याहून मोठे उत्तर आले तर ते तपासून पाहावे.

प्रत्यक्ष विमान मात्र दोऱ्याच्या वाटेने तंतोतंत जात नाही. वादळे टाळावी लागतात, अनुकूल वारा शोधावा लागतो आणि कोणत्याही देशाच्या आकाशातून जावयाचे तर त्याची अनुज्ञा लागते. २०१९ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्या देशाने ते भारतीय विमानांस पुन्हा बंद केले. २०२२ मध्ये युक्रेनवरील युद्धानंतर रशियाने आपले आकाश युरोप व अमेरिकेतील अनेक देशांच्या विमानांस बंद केले. आपल्या दोऱ्याखाली हे दोन्ही देश येतात. गोलावरील अंतर त्यामुळे बदलले नाही. परंतु विमानांस वळसा पडला, आणि वळसा म्हणजे अधिक वेळ व अधिक इंधन. भूगोलाची वाट एक असते आणि राज्यकारभाराची वाट पुष्कळदा दुसरी, हे सातवीच्या मुलांस सांगण्याजोगे आहे.

दुसरा प्रश्न : वेग कशाच्या संबंधाने?

मोठे प्रवासी जेट विमान दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून साधारणपणे ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाते. हिशेबाच्या सोयीसाठी अंतर १२,६०० किलोमीटर धरावे. १२,६०० भागिले ९०० म्हणजे १४ तास. परंतु मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जावयास साधारण पंधरा ते सोळा तास लागतात, आणि परत येण्यास पुष्कळदा त्याहून एक-दीड तास कमी लागतो. वाट तीच, विमान तेच, मग हा फरक कशामुळे?

ताशी ९०० किलोमीटर हा विमानाचा हवेच्या संबंधातील वेग होय. आणि हवा स्वतः स्थिर नसते. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांवरील हवा आणि ध्रुवांकडील थंड हवा ह्यांच्या तापमानातील फरकामुळे व पृथ्वीच्या परिवलनामुळे मध्य अक्षांशांवर उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे पट्टे निर्माण होतात. त्यांस जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोराचे असतात. कधी कधी त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरांच्याही पुढे जातो. नदीच्या ओघाविरुद्ध नाव वल्हविणाऱ्यास किती श्रम पडतात व ओघाबरोबर ती कशी धावते, हे नदीकाठच्या मुलांस वेगळे सांगावयास नको. तोच अनुभव विमानासही येतो.

संपूर्ण प्रवासात सरासरी ताशी ६० किलोमीटर वारा समोरून आहे असे समजावे. जमिनीच्या संबंधात वेग ८४० उरेल आणि १२,६०० किलोमीटरांस बरोबर १५ तास लागतील. परतीच्या प्रवासात तोच वारा पाठीमागून असेल तर वेग ९६० होईल आणि १३ तास साडेसात मिनिटे लागतील. येथे मुलांस विचारावे की, जाताना वाऱ्याने किती वेळ घेतला व येताना किती परत केला? घेतला १ तास, परत केली साडेबावन्न मिनिटे. वारा जेवढे नेतो तेवढे परत देत नाही. ह्याचे कारण चांगली मुले स्वतः शोधतील : विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक वेळ असते आणि अनुकूल वाऱ्यात कमी वेळ. सरासरी वेग म्हणजे दोन वेगांच्या बेरजेचे अर्धे नव्हे, हा गणितातील अवघड धडा येथे सहज समजतो.

ह्या हिशेबात धावपट्टीपर्यंतचे संथ चालणे, वर चढणे, खाली उतरणे व वाटेतील वळसे धरलेले नाहीत. ते मिळविले म्हणजे आपले उत्तर प्रत्यक्षाच्या जवळ येते.

एक गैरसमज येथेच दूर करावा. पुष्कळांना वाटते की, विमान हवेत असताना पृथ्वी त्याच्याखाली फिरते, म्हणून वेळेत फरक पडतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तेव्हा हे खरे असते तर पश्चिमेस जाणाऱ्या विमानाकडे न्यूयॉर्क स्वतःच चालून आले असते आणि तिकडचा प्रवास कमी वेळाचा झाला असता. अनुभव ह्याच्या उलट आहे. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते; फरक पडतो तो त्या वातावरणातील वाऱ्यांमुळे.

वाऱ्याचे महत्त्व दाखविणारे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिक महासागरावरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे पहिल्या वाटेपेक्षा जवळजवळ १,४०० किलोमीटरांनी लांब होती. तरीही वारा पाठीशी असल्यामुळे प्रवास सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे दोन तास लवकर पुरा झाला. जवळची वाट आणि लवकरची वाट ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ह्याचा ह्याहून चांगला पुरावा वर्गात देता येणार नाही.

तिसरा प्रश्न : वेळ कोणाच्या घड्याळाची?

एका शाळाभेटीत सहावीच्या फळ्यावर पुढील उदाहरण लिहिलेले होते : 'जानेवारी महिन्यात एक विमान मध्यरात्रीनंतर १ वाजून ३० मिनिटांनी मुंबईहून निघाले व त्याच दिवशी सकाळी ६ वाजून ३० मिनिटांनी न्यूयॉर्कला उतरले. प्रवासास किती वेळ लागला?' सर्व वर्गाने ५ तास असे लिहिले व ते बरोबर ठरविण्यात आले. शेवटच्या रांगेतील एका मुलीने मात्र उभे राहून विचारले, "गुरुजी, मग विमान ताशी अडीच हजार किलोमीटर गेले काय?" उत्तरसूचीत पाच तासच दिले आहेत, असे सांगून तिला खाली बसविण्यात आले.

त्या मुलीने काय केले ते पाहावे. तिने मिळालेले उत्तर दुसऱ्या माहितीशी ताडून पाहिले. भूगोलाच्या तासाला ऐकलेले १२,५०० किलोमीटर अंतर तिने ५ ने भागले आणि प्रवासी विमानाचा असा वेग असत नाही हे ओळखले. आपण ज्यास गणिती बुद्धी म्हणतो ती हीच. असे विचारणारे मूल दोनदा खाली बसविले गेले तर तिसऱ्यांदा ते उठत नाही. तेव्हा अशा प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आपणास सुचले नाही तरी प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी त्याचा विचार करावा.

आता खुलासा. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते; म्हणजे तासाला १५ अंश व एका अंशास ४ मिनिटे. मुंबई व न्यूयॉर्क ह्यांत सुमारे १४७ रेखांश असल्याने सूर्याच्या हिशेबाने दोन्ही ठिकाणच्या वेळेत सुमारे पावणेदहा तासांचा फरक पडतो. परंतु प्रत्येक गावाने आपली सूर्यवेळ पाळली तर व्यवहार चालणार नाही. म्हणून प्रमाणवेळ ठरविली जाते. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून, १ जानेवारी १९०६ पासून धरली जाते. मुंबई शहरात मात्र तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत टिकून होती. प्रमाणवेळेनुसार न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या घड्याळाच्या १० तास ३० मिनिटे मागे असते. तेथे मार्चमधील दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात व नोव्हेंबरमधील पहिल्या रविवारी पूर्ववत मागे घेतात. त्यामुळे उन्हाळ्यात हा फरक ९ तास ३० मिनिटे राहतो.

पुठ्ठ्याची दोन घड्याळे घेऊन एकावर मुंबई व दुसऱ्यावर न्यूयॉर्क असे लिहावे. प्रवासाचा काल काढताना दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणावयाच्या, हा नियम. विमान न्यूयॉर्कला सकाळी साडेसहाला उतरले, त्या क्षणी मुंबईत किती वाजले होते? साडेसहात साडेदहा तास मिळविले की सायंकाळचे ५ होतात. रात्री दीडपासून सायंकाळी ५ पर्यंत साडेपंधरा तास. वेग काढला तर ताशी सुमारे ८१० किलोमीटर येतो, आणि तो पटण्यासारखा आहे.

परतीचा प्रवास असाच करवून घ्यावा. विमान न्यूयॉर्कहून रात्री १० वाजता निघाले आणि दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला मुंबईस उतरले. घड्याळे पाहिली तर साडेचोवीस तास झाल्यासारखे दिसते. निघताना मुंबईत दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेआठ वाजले होते; म्हणून खरा काल १४ तास.

आता एक गंमत दाखवावी. जातानाचे दिसणारे ५ तास व येतानाचे दिसणारे साडेचोवीस तास मिळून साडेएकोणतीस होतात. खरे काल साडेपंधरा व चौदा. त्यांची बेरीजही साडेएकोणतीसच. जाताना घड्याळाने जे साडेदहा तास लपविले तेच येताना त्याने वाढवून दाखविले. जाणे-येणे दोन्ही धरले तर घड्याळांचा फरक आपोआप नाहीसा होतो. प्रमाणवेळेतील फरक माहीत नसतानाही मूल ह्या युक्तीने एका बाजूच्या प्रवासाचा सरासरी काल काढू शकते : साडेएकोणतीस भागिले दोन, म्हणजे पावणेपंधरा तास.

थोडा इतिहास

अंतर तेच राहून काल कसा आकसत गेला, हे सांगितल्यावाचून पाठ पुरा होऊ नये. कल्याणच्या आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जून महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या वेळी त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो व जिनीव्हा येथे थांबत मुंबईहून लंडनला गेले. १४ मे १९६० रोजी त्याच संस्थेची बोइंग ७०७ जेट विमाने लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. आणि १ ऑगस्ट २००७ रोजी मुंबईहून न्यूयॉर्कला कोठेही न थांबता जाणारी तिची सेवा सुरू झाली.

ह्यातही एक उदाहरण दडले आहे. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० व लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५५० किलोमीटर. बेरीज १२,७५०. थेट वाटेपेक्षा ही वाट फक्त २२० किलोमीटरांनी, म्हणजे विमानाच्या पंधरा मिनिटांनी लांब आहे. तरीही लंडनमार्गे जाणाऱ्यास कित्येक तास अधिक लागतात, कारण उतरणे, थांबणे व पुन्हा चढणे ह्यांतच वेळ जातो. प्रवासाचा काल वाढण्याचे कारण प्रत्येक वेळी अंतरातच शोधू नये.

स्वाध्याय

१. एका गोलाच्या विषुववृत्ताभोवती १०० सेंटिमीटर दोरा लागतो. त्यावर मुंबई ते लंडन १८ सेंटिमीटर दोरा भरला, तर अंतर किती? (७,२०० किलोमीटर)

२. दुबईचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या दीड तास मागे असते. विमान मुंबईहून दुपारी ४ वाजता निघून तेथील घड्याळाप्रमाणे सायंकाळी पावणेसहाला उतरले. प्रवासाचा काल सांगा. (सव्वातीन तास) ज्या मुलांच्या घरची माणसे आखातात नोकरीस आहेत, त्यांस ह्या वेळी तेथे किती वाजले असतील हेही विचारावे. घरच्या माणसाला दूरध्वनी केव्हा करावा, ह्या प्रश्नातून रेखांश जितका लवकर समजतो तितका व्याख्येतून समजत नाही.

३. टोकियोचे घड्याळ आपल्या पुढे साडेतीन तास असते. मुंबईहून रात्री ८ वाजता निघालेले विमान ८ तासांनी टोकियोला उतरले. तेथे किती वाजले होते? (सकाळचे साडेसात) परतीस अधिक वेळ लागेल की कमी? कारण सांगा.

४. एका विद्यार्थ्याने दोन शहरांमधील जवळच्या वाटेचे अंतर २३,००० किलोमीटर लिहिले. गोल न पाहताच त्याची चूक कशी ओळखाल?

५. एस.टी. बस ताशी ५० किलोमीटर वेगाने न थांबता जाते असे समजा. १२,५०० किलोमीटरांस तिला किती दिवस लागतील? (२५० तास, म्हणजे सुमारे साडेदहा दिवस)

शिक्षकांस सूचना

हा पाठ एका तासात उरकू नये. गोल व दोरा, वारा व वेग, घड्याळे असे तीन तास घ्यावेत. प्रत्येक उदाहरणाचे उत्तर लिहिण्यापूर्वी मुलांकडून वहीत तीन ओळी लिहून घ्याव्यात : अंतर कोणत्या वाटेचे धरले, वेग कशाच्या संबंधाने धरला, वेळ कोणत्या घड्याळाची धरली. उत्तर आल्यावर चौथी ओळ लिहावयास लावावी : हे उत्तर पटण्यासारखे आहे काय, आणि का? गुण देताना ह्या चौथ्या ओळीचा अवश्य विचार व्हावा.

ज्या शाळांत पृथ्वीगोल नाही तेथे चेंडूवर केलेले काम पुढील केंद्रसंमेलनात आणावे. मुलांनी विचारलेल्या शंका त्यांच्याच शब्दांत लिहून सोबत आणल्यास त्यांवर सर्वांस मिळून विचार करता येईल.

— शिक्षण विस्तार अधिकारी